खात्रीचा रकाना

तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठ फिरली की तक्तासाहेब. हे टोपणनाव त्यांच्या कानावर कधीच आलं होतं. ऐकून कपाळाला आठी घालायचे, पण मनातून खूश व्हायचे. माणसाला त्याच्या कामावरून ओळखलं तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

त्यांचं काम तातडीच्या विभागात शिरता शिरताच डोळ्यांत भरायचं. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा, चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केलेला तक्ता लावला होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ज्याचं बीपी कोसळलंय अशा पेशंटला काय द्यायचं ते त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. रक्ताचा नमुना घ्या. अँटिबायोटिक सुरू करा. वजनाच्या हिशेबाने सलाइन वेगात सोडा आणि ठरलेलं माप पूर्ण होईपर्यंत थांबू नका. एका रकान्यात काय करायचं आणि दुसऱ्यात केव्हा करायचं, असा सरळ मामला होता.

मुळात रकाने तीन होते. तिसऱ्याचं काय झालं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघाला.

तक्ता येण्याआधी त्या विभागात जो तो आपल्या मनाचा राजा होता. एक डॉक्टर सलाइन सोडायला कचरायचा, दुसरा अँटिबायोटिकसाठी तपासणीचा कागद येण्याची वाट बघत बसायचा, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत पेशंट हातचा जायचा. साहेबांना हे बघवेना. त्यांनी उपचारांच्या मार्गदर्शिका धुंडाळायला घेतल्या. मार्गदर्शिका म्हणजे कुणा एका शहाण्याचं मत नव्हे. जगभरचे प्रयोग गोळा करून, चाळून, पाखडून त्यातलं काय टिकतं ते जाणकार मंडळी बसून लिहितात. पण शोधायला जावं तर त्या ढिगाने सापडतात. काही शिळ्या असतात, काही औषधं विकणाऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या, आणि काही तर नुसत्या एकमेकींच्या नकला. साहेबांनी प्रत्येकीची झडती घेतली. कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कशाच्या आधारावर लिहिली, हे विचारून विचारून शेवटी एक पारखून घेतली. त्या निवडीला आजही कोणी नाव ठेवू शकणार नाही.

या मार्गदर्शिकेची एक खोड होती, आणि ती चांगली खोड होती. प्रत्येक सल्ल्यापुढे ती स्वतःच कबूल करायची की या सल्ल्याची आम्हाला कितपत खात्री आहे. अँटिबायोटिक लवकर द्या, या सल्ल्यापुढे खात्री भरपूर होती. सलाइनच्या मापापुढे मात्र लिहिलं होतं की आम्ही हे सुचवतो, पुरावा तोकडा आहे, समोरचं माणूस वारंवार तपासत राहा. साहेबांनी हे सगळं प्रामाणिकपणे तिसऱ्या रकान्यात उतरवलं आणि तक्ता भिंतीवर लावला.

झालं भलतंच. नव्या डॉक्टर पोरापोरींना नेमका तिसरा रकानाच आवडला. जिथे खात्री कमी तिथे हात आखडता. एका तरुण बाईचं बीपी पडत होतं आणि ड्यूटीवरचा मुलगा तक्त्यासमोर डोकं खाजवत उभा होता. ती बाई गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता खाली उतरवला, टेबलावर पालथा घातला आणि सगळ्यांदेखत तिसरा रकाना कात्रीने कापून काढला.

“शंका माझ्याकडे राहू द्या,” ते म्हणाले होते. “तुम्ही फक्त हात चालवा.”

आणि हात चालू लागले. मृत्यू कमी झाले, हे खोटं नाही. बाहेरच्या इस्पितळांतून माणसं तक्ता बघायला येऊ लागली, त्याचे फोटो काढून नेऊ लागली. साहेबांच्या नाकावर माशी बसेना. तक्त्याबाहेर जाणाऱ्याची सकाळच्या बैठकीत अशी हजेरी घ्यायचे की ऐकणाऱ्यांचेही कान गरम व्हायचे.

सगळ्यात जास्त भाजून निघाली होती ती छोटी डॉक्टरीण. अंगापिंडाने खरंच छोटी होती, म्हणून सगळे तिला तसं म्हणायचे. एका आजोबांना सलाइन चालू असताना त्यांची छाती वाजायला लागली, म्हणून तिने माप अर्ध्यात सोडलं होतं. आजोबा चांगले होऊन आपल्या पायांनी घरी गेले. बैठकीत साहेबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. थांबा असं तक्त्यात कुठे लिहिलंय ते दाखवा, असं म्हणून तिला भिंतीपर्यंत चालत जायला लावलं. ती तक्त्यासमोर उभी राहिली आणि नाही लिहिलेलं, एवढंच म्हणाली. त्यानंतर ती कधी थांबली नाही.

पोरांना त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. वाईट बातमी उभ्या माणसाला सांगायची नाही. आधी बसा म्हणायचं, तो नीट टेकला की मग बोलायचं. त्यामुळे दारातून डॉक्टर बाहेर येऊन बसा म्हणाला की पुढचं ऐकायच्या आधीच नातेवाईक रडायला लागत.

त्या दुपारी साहेब वरच्या मजल्यावर याच तक्त्याबद्दल पाहुण्यांसमोर बोलत होते. फोन थरथरला. धाकट्या बहिणीचा होता. आई तिच्याकडे राहायची. आईला कालपासून ताप होता, लघवीला जळजळ होत होती, आणि आता ती हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. बहीण तिला घेऊन खाली तातडीच्या विभागात पोचलीसुद्धा होती.

साहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं. पाहुण्यांची माफी मागायचंही भान राहिलं नाही. ते जिन्याकडे धावले.

विभागाच्या दारात जमिनीवर पिवळा पट्टा आखलेला होता. नातेवाइकांनी त्याच्या बाहेर थांबायचं. डॉक्टर असला तरी घरच्या माणसावर त्याने उपचार करायचे नाहीत आणि हुकूमही सोडायचे नाहीत. हा नियमही त्यांचाच. जवळच्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरची मती फिरते, हे त्यांनी इतरांना शंभरदा ऐकवलं होतं. साहेबांचा पाय पट्ट्याशी येऊन थांबला.

काचेतून आई दिसली. तेवढ्या मोठ्या पलंगावर चिमूटभर जीव. आयुष्यभर बीपीच्या गोळ्या खाल्लेलं, जाड भिंतीचं, ताठरलेलं हृदय त्या जिवाच्या छातीत होतं, हे साहेबांना पाठ होतं. छोटी डॉक्टरीण तिच्या उशाशी होती. रक्त घेतलं गेलं. अँटिबायोटिक लागलं. सलाइनची बाटली टांगली गेली आणि धार सुटली. सगळं क्रमाने, बिनचूक, तक्त्याबरहुकूम चाललं होतं. साहेबांना क्षणभर बरं वाटलं. आपण लावलेली शिस्त आज आपल्याच आईच्या कामी येतेय, असंही मनात येऊन गेलं.

बहीण बाकावर बसली होती. तिने त्यांना शेजारी जागा करून दिली, पण ते उभेच राहिले.

छोटी डॉक्टरीण बाहेर आली तसा त्यांचा जीव गोळा झाला. ती बसा म्हणाली नाही. बीपी फार खाली आहे, तक्त्याप्रमाणे सगळं सुरू केलंय, इतकंच सांगून ती आत वळली. साहेबांनी सोडलेला श्वास बहिणीलाही ऐकू गेला असेल.

पहिली बाटली संपली, दुसरी चढली. बीपीचा आकडा मुंगीच्या पावलाने वर सरकला आणि तिथेच अडून बसला. मग साहेबांना दिसलं की आईचे खांदे श्वासाबरोबर वर उचलले जातायत. आधी ते तसे उचलले जात नव्हते. मोठ्या सिस्टरनी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच केली.

साहेबांना त्या खांद्यांचा अर्थ कुणाला विचारायची गरज नव्हती. ताठर हृदयाला एवढं पाणी पुढे ढकलता येत नाही. ते मागे तुंबतं आणि फुप्फुसात उतरतं. पण ही नुसती एक शक्यता होती. धाप तापानेही लागते. सलाइन थांबवावं आणि बीपी आणखी ढासळावं, तर मूत्रपिंडं जातील, मेंदू जाईल, आई जाईल. चालू ठेवावं, तर ती कोरड्या पलंगावर बुडेल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते दुसऱ्यांच्या आयांबाबत त्यांनी कितीदा सहज म्हटलं असेल. आज त्या काठावर त्यांचीच आई होती आणि त्यांना काहीही कळत नव्हतं.

“दादा, तुला तर सगळं माहितीये ना?” बहीण हळूच म्हणाली. “मग असा का दिसतोयस?”

त्यांना तिच्यासमोर उभं राहवेना. शेजारीच डॉक्टरांची खोली होती. तिथल्या कॉम्प्युटरवर मूळ मार्गदर्शिका उघडावी, तो सलाइनचा परिच्छेद शब्दशः वाचावा, म्हाताऱ्या माणसाबद्दल, कमजोर हृदयाबद्दल त्यात काय म्हटलंय ते बघावं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी शोध टाकला. तक्ता आला. शब्द बदलले. पुन्हा तक्ता. आजाराचं नाव, औषधाचं नाव, मूळ संस्थेचं नाव, काही टाकलं तरी इस्पितळाच्या त्या यंत्रातून फिरून फिरून तोच दोन रकान्यांचा तक्ता वर येत होता, आणि त्याच्या पायथ्याशी त्यांचीच सही. मग त्यांना आठवलं. पोरं मूळ कागद उघडून त्यातल्या पण-परंतुंचा काथ्याकूट करत बसतात, म्हणून त्यांनीच कॉम्प्युटर विभागाला सांगून बाकी सगळं काढून टाकायला लावलं होतं. दुसरीकडे कुठे बोट घालायला फट ठेवली नव्हती.

शेवटी स्वतःच्या फोनवर ते सापडलं. त्या ओळी जशाच्या तशा होत्या. सुचवतो. पुरावा तोकडा. ज्यांचं हृदय कमजोर आहे अशांचा अभ्यास फारसा झालेला नाही. प्रत्येक टप्प्यावर पेशंटला पुन्हा तपासा आणि मग पुढचं ठरवा. त्यांनी हे पूर्वी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, स्वतःच्या हाताने लिहून काढलं होतं. आज वाचताना मात्र त्यांना कळलं की आपलं उत्तर त्यातही नव्हतं. आई वाचेल की नाही हे तिथे कोणी लिहिलेलं नव्हतं. तिच्याकडे बघत राहा, एवढंच होतं.

आणि बघणारी माणसं तर त्यांनी त्या विभागात ठेवलीच नव्हती.

ते धावत बाहेर आले तेव्हा आत तिसरी बाटली टांगली जात होती. आईचा एक हात मास्क ओढायला धडपडत होता. साहेबांनी काचेवर बोटं वाजवली. छोटी डॉक्टरीण पट्ट्यापाशी आली.

“छाती ऐकलीत?” त्यांनी विचारलं.

“ऐकली, सर.”

“काय आहे?”

“दोन्हीकडे खाली बुडबुडे आहेत. दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हापासून.”

“मग ही तिसरी कशी चढली?”

तिने भिंतीकडे पाहिलं. “माप पूर्ण व्हायचंय, सर.”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर त्यांना सोसला असता. पण ती टोमणा मारत नव्हती. ती घाबरलेली होती, पेशंटसाठीही आणि उद्याच्या बैठकीसाठीही. ही भीती कुठून आली हे साहेबांना विचारावं लागलं नाही.

“थांबवा,” ते म्हणाले.

ती जागची हलली नाही. “हे तुम्ही सर म्हणून सांगताय की त्यांचा मुलगा म्हणून?”

साहेबांनी पायाखालच्या पट्ट्याकडे पाहिलं. मुलगा म्हणून सांगावं तर पट्ट्याबाहेरच्या माणसाचा हुकूम तिने ऐकायचा नाही, असं त्यांनीच तिला शिकवलेलं. सर म्हणून सांगावं तर भिंतीवर सही केलेले सर वेगळंच सांगत होते. आत आईचे खांदे वर-खाली होत होते.

“त्या तक्त्याला तिसरा रकाना होता,” ते कसेबसे म्हणाले. “तुम्ही यायच्या आधी. सलाइनपुढे लिहिलं होतं की खात्री कमी आहे, तपासत राहा. मी तो कापला.”

तिने मागे वळून आतल्या पलंगाकडे पाहिलं.

“म्हणजे थांबवलं तर त्या वाचतील?”

“माहीत नाही.”

“आणि बीपी पडलं तर?”

“तेही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. म्हणून तर तिथे तसं लिहिलं होतं.” त्यांचा आवाज फुटला. “मला भीती वाटतेय.”

इतक्या वर्षांत त्या विभागात कोणी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मोठ्या सिस्टर हातातलं काम तसंच ठेवून बघत राहिल्या.

“ठीक आहे,” छोटी डॉक्टरीण म्हणाली. “मी त्यांच्याकडे बघून ठरवते. तुम्ही इथेच थांबा.”

ती आत गेली. स्टेथोस्कोप आईच्या पाठीला, छातीला, पुन्हा पाठीला लागला. तिने पायाची बोटं दाबून पाहिली, मानेच्या शिरा पाहिल्या. मग हात वर करून सलाइनची चकती बंद केली. बीपी सावरणारं औषध पंपातून थेंब थेंब सुरू केलं. तक्त्यात ते फार पुढच्या ओळीत होतं, माप पूर्ण झाल्यावरच द्यायचं म्हणून.

यानंतरचा वेळ साहेबांनी कसा काढला हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. सलाइन बंद झाल्यावर बीपीचा आकडा आधी खालीच घसरला. आपण आईला मारलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुन्हा सुरू करा असं ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडलो तर ती मुलगी ऐकेल या विचाराने त्यांनी स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं. बहीण उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली होती. तिने त्यांचा दंड घट्ट पकडला होता आणि काही विचारत नव्हती. आकडा खाली थांबला. रेंगाळला. मग हळूहळू, जराही घाई न करता, वर यायला लागला. आईचे खांदे मात्र बऱ्याच उशिराने खाली आले.

ऊन खिडकीतून सरकून तक्त्याच्या प्लास्टिकवर चमकायला लागलं तेव्हा दोघा भावंडांना एकेक करून आत सोडलं. आईचे डोळे उघडे होते. मास्कच्या आतून तिचा आवाज कोंदट येत होता.

“शाळेत मार खाऊन आल्यासारखा का उभा आहेस?” तिने विचारलं.

साहेबांना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. त्यांनी तिचा पाय पांघरुणावरूनच धरून ठेवला. धोका अजून टळला नाही, रात्र जाऊ द्या, असं छोटी डॉक्टरीण म्हणाली, आणि हे तिने पूर्वी कधी नव्हतं इतक्या मोकळेपणाने सांगितलं. मोठ्या सिस्टर चादर सारखी करत होत्या. आजींचं नशीब चांगलं, त्या आपल्याशीच पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, वेळेवर थांबवलं. पुढे काही बोलणार होत्या, पण छोट्या डॉक्टरणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या.

साहेबांचा हात आईच्या पायावरच राहिला. ते वाक्य मात्र त्यांच्या डोक्यातून हलेना. वेळेवर थांबवलं. म्हणजे वेळेवर न थांबवलेलंही काही होतं का? मृत्यू कमी झाले होते, ते सगळे मिळून. त्यांतले म्हातारे किती, कमजोर हृदयाचे किती, हे त्यांनी कधी वेगळं काढून बघितलंच नव्हतं. जे गेले त्यांच्या कागदावर जंतुसंसर्गाने मृत्यू असं लिहून खाली ते सही करायचे आणि पुढच्या कागदाला हात घालायचे. शंका माझ्याकडे राहू द्या, असं ते म्हणाले होते. आणि स्वतःकडे घेतलेली ती शंका त्यांनी पुन्हा एकदाही उघडून पाहिली नव्हती.

आईला झोप लागली. ते बाहेर आले. छोटी डॉक्टरीण बेसिनपाशी हात धूत होती. साहेबांना वाटलं, आता घरी जावं. उद्या बघू. आई वाचतेय, आज एवढं पुरे. पाय तर केव्हाचे दाराकडे वळले होते. आईच्या श्वासांकडे बघताना वाटली होती त्याहून वेगळी, थंड भीती आता त्यांच्या अंगभर पसरत होती.

तरी त्यांनी विचारलंच.

“त्या आजोबांनंतर, मी तुम्हाला बैठकीत बोललो त्यानंतर,” ते म्हणाले, “छाती वाजतेय हे ऐकूनही माप पूर्ण केलं, असं कुणाच्या बाबतीत झालं?”

तिने नळ बंद केला. हात पुसले, अगदी एकेक बोट करून पुसले. मग त्यांच्याकडे वळून तिने भिंतीलगतच्या, नातेवाइकांच्या बाकाकडे हात केला.

“बसा, सर,” ती म्हणाली.